जुन्या गाडीचा मूळ रंग कसा शोधावा आणि कसा जुळवावा

जुनी बजाज चेतक किंवा प्रीमियर पद्मिनी पुन्हा रंगवायला काढली की मालकाचे सगळे लक्ष पत्र्याच्या कामाकडे, इंजिनाकडे आणि पेंटरच्या मजुरीकडे जाते, आणि रंगाची निवड मात्र दुकानातल्या शेड कार्डावर बोट ठेवून पाच मिनिटांत उरकली जाते. पुढे गाडी तयार होते, चकाकतेही, पण ज्यांनी त्या गाड्या नव्या असताना रस्त्यावर पाहिल्या आहेत त्यांना लांबूनच कळते की हा रंग त्या गाडीचा नव्हे. आकाशी असतो, पण जरा जास्तच निळा. क्रीम असतो, पण त्यातला पिवळेपणा भडक. पत्र्यातला पोचा नंतरही काढता येतो, सुटे भागही नंतर बदलता येतात. चुकीच्या छटेत संपूर्ण गाडी रंगवून झाल्यावर मात्र सगळा खर्च पुन्हा करणे एवढाच मार्ग उरतो. म्हणून पत्र्याला पॉलिश पेपर लागण्यापूर्वीच रंगाचा शोध पूर्ण झालेला असावा. गाडी एकदा सगळीकडून खरवडली गेली की तिच्या मूळ रंगाचा पुरावाही नाहीसा होतो.

सर्वांत आधी एका प्रश्नाचे स्पष्ट उत्तर ठरवावे: रंग नेमका कशाशी जुळवायचा आहे? कारखान्यातून गाडी निघाली त्या दिवशीच्या रंगाशी, की आज उन्हापावसाने उतरलेल्या रंगाशी? संपूर्ण गाडी रंगवायची असेल तर मूळ रंगाकडेच जावे. एखादा दरवाजा, मडगार्ड किंवा डिकीचे झाकण एवढेच रंगवायचे असेल तर मात्र शेजारच्या पत्र्याचा आजचा रंगच प्रमाण मानावा लागतो, कारण तिथे मूळ छटा कितीही अचूक मिळाली तरी ती ठिगळासारखी उठून दिसते. पेंटर आणि मालक यांच्यातले बरेचसे वाद या एकाच मुद्द्यावर होतात. मालकाच्या मनात एक असते, पेंटर दुसऱ्याच गोष्टीशी जुळवत असतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. पुढचे विवेचन मुख्यतः पूर्ण गाडी रंगवणाऱ्यांसाठी आहे. एका भागाच्या रंगकामाविषयी शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

मूळ रंग कुठे सापडतो

आजच्या गाड्यांवर कंपनीच्या पाटीवर किंवा स्टिकरवर रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुधा असतो आणि रंग मिसळणारा दुकानदार त्यावरून थेट सूत्र काढतो. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या जुन्या चेतकवर किंवा कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनीवर अशी सोय सहसा हाती लागत नाही. आरसी बुकात रंगाची नोंद असते, पण ती ‘निळा’ किंवा ‘पांढरा’ एवढीच, आणि तेवढ्याने छटा कळत नाही. जुन्या जाहिराती आणि घरातले फोटो पाहावेत, पण ते केवळ दिशा समजण्यासाठी. छापील शाई मूळ रंगाशी प्रामाणिक असतेच असे नाही, आणि त्या काळच्या रंगीत फोटोंचे रंग स्वतःच उडून तांबूस किंवा पिवळट झालेले असतात. मोबाइलवर आलेल्या फोटोवरून रंग ठरवणे तर कटाक्षाने टाळावे. कॅमेरा प्रकाशानुसार रंग आपोआप बदलतो आणि प्रत्येक पडदा तो आपल्या पद्धतीने दाखवतो.

आणखी एका गोष्टीपासून सावध राहावे. इटालियन व्हेस्पाच्या रंगांचे क्रमांक आंतरजालावर सहज मिळतात आणि चेतकचा सांगाडा व्हेस्पाच्याच घराण्यातला असल्यामुळे ते क्रमांक आपल्या गाडीलाही लागू पडतील असा समज होतो. ते रंग पिआजोच्या इटलीतल्या गाड्यांसाठी ठरवलेले होते. चेतक १९७२ पासून इथे बनली, आणि तिच्या छटेसाठी तिचा स्वतःचा पत्रा हाच आधार आहे. या कामात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच: नाव, क्रमांक, फोटो आणि आठवण यांपेक्षा गाडीच्या अंगावर झाकून राहिलेला रुपयाएवढा मूळ रंग अधिक विश्वासार्ह असतो.

असा झाकलेला रंग शोधण्यासाठी गाडी थोडी उघडावी लागते. चेतकमध्ये सीट काढून पेट्रोलची टाकी उतरवली की खालच्या पोकळीत, डिकीच्या आतल्या कडांवर, फूटबोर्डाच्या रबरी पट्ट्यांखाली, मोनोग्रामच्या (गाडीच्या नावाच्या धातूच्या पट्टीच्या) मागे, हँडलच्या आत आणि इंजिनावरच्या पॅनेलला जिथे रबरी बिडिंग बसते तिथे पाहावे. पद्मिनीत डिकीच्या रबराखाली, दरवाजाच्या आतल्या आच्छादनामागे, डॅशबोर्डाच्या खालच्या बाजूला आणि पायाखालच्या गालिच्याखाली पाहावे. मात्र सापडलेला प्रत्येक ठिपका सारख्या किमतीचा नसतो. पोकळीत आणि आतल्या कडांवर रंगाचा थर पातळ असतो, कारण तिथे रंग फवारण्याच्या बंदुकीचा केवळ उडालेला फवारा पोहोचलेला असतो. खालचा प्रायमर त्यातून डोकावतो आणि छटा मळकट भासते. याउलट मोनोग्राम किंवा बिडिंगखालचा रंग दर्शनी पृष्ठभागावरचाच असल्यामुळे पूर्ण जाडीचा असतो. जमल्यास अशाच जागेचा नमुना धरावा.

गाडी पूर्वी एकदा-दोनदा रंगवली गेली असेल तर दर्शनी भागात एक छोटी खिडकी उघडावी. पाण्यात भिजवलेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून एकाच जागी गोल घासत जावे आणि पत्रा दिसू लागला की थांबावे. मग त्याच जागेच्या कडा ८०० आणि नंतर १००० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने पसरट कराव्यात. ओल्या फडक्याने पुसले की झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर एकाबाहेर एक उलगडलेले दिसतात: मधोमध पत्रा, त्याभोवती तांबडा किंवा राखाडी प्रायमर, त्याबाहेर कारखान्यातला रंग, मग नंतरच्या पेंटरचा सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग गुळगुळीत करणारा थर), आणि सर्वांत बाहेर आजचा रंग. प्रायमरला लागून असलेले पहिले रंगीत कडे हा मूळ रंग. पुट्टी आधी दिसली तर ती जागा अपघातात दुरुस्त झालेली आहे असे समजून दुसरीकडे खिडकी उघडावी. एकेकाळी टॅक्सी असलेल्या पद्मिनीत काळ्या-पिवळ्याखाली दुसराच रंग निघण्याची शक्यता असते, आणि टॅक्सी म्हणूनच घेतलेल्या गाडीत काळा-पिवळा हाच मूळ ठरतो. मग तो ठेवायचा की नाही हा कागदपत्रांचाही प्रश्न बनतो.

सापडलेला नमुना शुद्ध करणे

उन्हात राहिलेल्या रंगावर जो पांढुरका थर येतो तो रंगातले बाइंडर (रंगकणांना धरून ठेवणारे द्रव्य) उन्हाने विरल्यामुळे वर उघड्या पडलेल्या रंगकणांचा असतो. तो रबिंग कंपाउंडने काढून खालचा रंग उघडा केल्याशिवाय तुलना करूच नये. कित्येकदा करडा-निळा वाटणारा पत्रा चार इंच जागेत रबिंग केल्यावर स्वच्छ आकाशी निघतो. लाल रंगाच्या गाड्यांमध्ये मात्र उन्हाने खुद्द रंगद्रव्यच फिके पडलेले असू शकते, आणि तिथे रबिंगने मूळ छटा पूर्ण परत येईल असे मानू नये.

याच्या उलट एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही, आणि तीच पांढऱ्या, क्रीम व फिक्या रंगांच्या बाबतीत फसवते. जुन्या सिंथेटिक इनॅमलचे बाइंडर तेलापासून बनवलेल्या अल्किड रेझिनचे असते आणि ते अंधारात पिवळे पडते. म्हणजे ज्या झाकलेल्या जागेला आपण सर्वांत विश्वासार्ह मानतो, तिथेच पांढरा रंग वर्षानुवर्षे उजेडाविना राहून क्रीम झालेला असू शकतो. उपाय सोपा आहे. असा सुटा भाग, उदाहरणार्थ डिकीचे झाकण किंवा एखादी कडी, काही दिवस उघड्या उन्हात ठेवावा. अंधारात आलेला पिवळेपणा उजेडात बराच कमी होतो. तो कमी होणे थांबले की उरलेली छटा तुलनेस घ्यावी. हे न करता थेट दुकानात गेल्यामुळे मुळात पांढऱ्या असलेल्या गाड्या हस्तिदंती होऊन बाहेर पडतात.

जुना रंग कोणत्या जातीचा आहे हेही याच वेळी पाहून घ्यावे. पांढऱ्या सुती फडक्यावर एनसी थिनर घेऊन आतल्या बाजूला एका जागी चोळावे. रंग विरघळून फडक्यावर सहज उतरला तर तो नायट्रोसेल्युलोज, म्हणजे आपल्याकडे ज्याला एनसी किंवा जुनी माणसे ड्यूको म्हणतात तो रंग. फुगून सुरकुतला तर इनॅमल. आणि काहीच झाले नाही तर हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) घालून मारलेला पीयू (पॉलियुरेथेन) किंवा भट्टीत पक्का केलेला रंग. ही माहिती छटेसाठी दोन कारणांनी लागते. एक म्हणजे विरघळणाऱ्या किंवा सुरकुतणाऱ्या जुन्या थरावर जोरकस थिनरचा नवा रंग मारला तर खालचा थर उचलला जातो, आणि काही जुनी लाल द्रव्ये वर झिरपून नव्या पांढऱ्याला गुलाबी करतात. दुसरे म्हणजे तेच रंगद्रव्य एनसीमध्ये आणि पीयूमध्ये एकसारखे दिसत नाही. रंगाची जात बदलली की सूत्रही थोडे बदलावे लागते.

दुकानात काय करावे

रंग मिसळून देणाऱ्या दुकानात फोटो नेऊ नये. खरा सुटा भाग न्यावा. तो सपाट, रबिंग केलेला आणि मेण किंवा पॉलिश नसलेला असावा. ज्या दुकानात स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे तिथे काम सोपे होते: ते यंत्र प्रकाश टाकून परत येणाऱ्या प्रकाशाचे मोजमाप करते आणि आपल्या साठ्यातले सर्वांत जवळचे सूत्र सुचवते. एकाच जागेचे वाचन घेऊ नये. निदान तीन ठिकाणी घ्यावे आणि त्यांत फार फरक आला तर नमुनाच खराब आहे असे समजावे. वाकलेल्या पत्र्यावर यंत्र नीट टेकत नाही व बाहेरचा उजेड आत शिरतो, म्हणून गोलाईवरचे वाचन बाद धरावे. यंत्राने दिलेले सूत्र ही सुरुवात आहे. शेवटचा निर्णय डोळ्यांनी आणि हाताने करायचा असतो, आणि ते कौशल्य असलेला मिक्सिंगवाला मिळाला तर त्याच्या वेळेचे पैसे आनंदाने द्यावेत.

यंत्र नसेल तर प्रमाणित रंगपत्रकांचा आधार घेता येतो. भारतीय मानक आयएस ५ मध्ये इनॅमलच्या छटांना क्रमांक आणि नावे दिलेली आहेत: १०१ स्काय ब्लू, १६६ फ्रेंच ब्लू, २१७ सी ग्रीन, ३५६ गोल्डन यलो, ५३७ सिग्नल रेड, ६३१ लाइट ग्रे, अशी. जर्मनीतून आलेले राल (RAL) रंगपत्रकही बाजारात सर्रास चालते. त्यात ९००५ म्हणजे काळा आणि ५०१५ म्हणजे एक आकाशी निळा. आपल्या गाडीचा रंग यांतल्या कोणत्याही क्रमांकाशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये, परंतु ‘२१७ पेक्षा थोडा फिका आणि किंचित करडा’ असे सांगता आले की संवाद ‘पिस्त्यासारखा, पण तितका नाही’ या पातळीवरून वर येतो.

हाताने छटा जुळवताना तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात, आणि त्याच क्रमाने: रंग उजळ आहे की गडद, तो कोणत्या बाजूला झुकतो, आणि तो भडक आहे की मळलेला. बहुतेक लोक ‘जमत नाही’ एवढेच म्हणतात, आणि मिक्सिंगवाला अंदाजाने काहीतरी टाकत जातो. डोळे किंचित मिटून पाहिले की उजेड-गडदपणाचा फरक चटकन कळतो. तो आधी मिटवावा. मग झुकाव पाहावा: निळा हिरव्याकडे जातो की जांभळ्याकडे, क्रीम लालसर आहे की लिंबट. भडकपणा सर्वांत शेवटी. फिका रंग बनवताना नेहमी पांढऱ्यात गडद रंग थेंबाथेंबाने घालावा. गडद रंगात पांढरा ओतत गेले तर डब्यामागून डबे भरतात आणि छटा हाती लागत नाही. पिवळा गडद करण्यासाठी काळा घातला की तो हिरवट होतो आणि लाल उजळ करण्यासाठी पांढरा घातला की तो गुलाबी होतो, हे ध्यानात ठेवावे. जुन्या गाड्यांचे पांढरे, क्रीम आणि आकाशी रंग आपल्या आठवणीत असतात त्यापेक्षा बहुधा अधिक शांत असतात. त्यांत काळ्याचा आणि मातकट पिवळ्याचा एक अंश असतो, आणि तोच वगळल्यामुळे नवा रंग प्लास्टिकसारखा दिसतो. माझ्या मते नव्याने रंगवलेल्या चेतकच्या आकाशी रंगात सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच आहे.

पहिल्याच फेरीत पूर्ण प्रमाणात रंग घेऊ नये. शंभर मिलिलिटरचा नमुना मागावा आणि त्यावरच पुढच्या सगळ्या चाचण्या कराव्यात.

चाचणीचा पत्रा

डब्यात पाहून, काडीवर लावून किंवा बोटाने पुसून रंग पसंत करू नये. बहुतेक सपाट, म्हणजे मेटॅलिक नसलेले, रंग वाळल्यावर थोडे गडद होतात. बेस कोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) तर वाळल्यावर निस्तेज व फिका दिसतो आणि त्यावर क्लिअर, म्हणजे पारदर्शक चमकदार थर, बसल्यावरच खरा उतरतो. म्हणून वहीच्या पानाएवढे पत्र्याचे दोन-तीन तुकडे घ्यावेत आणि गाडीवर जे-जे होणार आहे ते सगळे त्यांच्यावर त्याच क्रमाने करावे: तोच प्रायमर, तोच सरफेसर, तीच बंदूक, तेच थिनर, तितकेच कोट. प्रायमरचा रंग इथे फार महत्त्वाचा आहे. पिवळा आणि लाल हे रंग झाकण्यात कमजोर असतात. तांबड्या ऑक्साइडवर मारलेला पिवळा नारिंगीकडे झुकतो, तोच पांढऱ्या किंवा फिक्या राखाडीवर स्वच्छ उठतो. रंग पूर्ण झाकला गेला की नाही हे पाहण्यासाठी तुकड्यावर आधी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओढाव्यात; त्या दिसेनाशा होईपर्यंत किती कोट लागले ते मोजून लिहून ठेवावे आणि पेंटरकडून गाडीवरही तितकेच मारून घ्यावेत. कोट वाचवले की छटा बदलते.

पावसाळ्यात ही चाचणी फसवी ठरू शकते. एनसीचे थिनर झपाट्याने उडते, पत्रा थंड पडतो आणि दमट हवेतले पाणी ओल्या रंगावर जमून त्यावर दुधी झाक येते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात असा तुकडा पाहून ‘रंग फिका झाला’ असा निष्कर्ष काढून त्यात आणखी रंगद्रव्य घालणे म्हणजे बिघडलेल्या मोजपट्टीने कापड कापणे होय. हवा कोरडी असेल तेव्हाच निर्णय करावा.

तुकडा पूर्ण वाळल्यावर, आणि शक्य तर एक-दोन दिवसांनी, तो मूळ नमुन्याला अगदी चिकटवून धरावा. मध्ये फट राहिली की डोळा फरक सहज माफ करतो. सकाळी दहाच्या सुमारास मोकळ्या आकाशाखाली, प्रथम सावलीत आणि मग उन्हात पाहावे. जवळ विटांची भिंत, हिरवे झाड किंवा निळी ताडपत्री असेल तर तिचा रंग पत्र्यावर पडतो, म्हणून तेवढी काळजी घ्यावी. पाहणाऱ्याच्या अंगातला भडक शर्टही हेच करतो. एकटक पाहत राहिल्यास डोळा त्या रंगाला सरावतो. पहिल्या काही क्षणांत जे दिसते तेच खरे मानावे, मग नजर राखाडी वस्तूकडे वळवून पुन्हा पाहावे. लाल-हिरव्यातला फरक कमी जाणवण्याचा दोष पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बराच अधिक आढळतो आणि अनेकांना तो आपल्यात आहे हे ठाऊकही नसते. त्यामुळे निदान आणखी एका व्यक्तीला, तेही घरातल्या एखाद्या स्त्रीला, स्वतंत्रपणे विचारून घ्यावे.

हेच तुकडे नंतर ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या दिव्याखालीही पाहावेत. दिवसाच्या उजेडात तंतोतंत जुळलेले दोन रंग दिव्याखाली वेगळे दिसतात, तेव्हा दोन्हींत वापरलेली रंगद्रव्ये वेगळी आहेत असे समजावे. पन्नास वर्षांपूर्वीची काही रंगद्रव्ये, विशेषतः शिशाची पिवळी आणि लाल, आज गाड्यांच्या रंगांत सहसा वापरली जात नाहीत, त्यामुळे हा फरक कधीकधी मुळीच टाळता येत नाही. अशा वेळी सूर्यप्रकाशातली जुळणी पक्की धरावी. जुन्या पिवळ्या-लाल थरांत शिसे असण्याची शक्यता असल्यामुळे ते कोरडे घासू नयेत, पाण्यानेच घासावेत. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते फवारताना तोंडाला बांधलेला रुमाल काहीही उपयोगाचा नाही, पेंटरकडे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क असलाच पाहिजे. छटेचा विचार करताना ही बाब विषयाबाहेरची वाटेल, पण चाचणीचे तुकडे अनेकजण घरी, बंद गॅरेजमध्ये मारतात, म्हणून ती इथे सांगणे आवश्यक आहे.

चकाकीचाही वेगळा विचार करावा. त्या काळच्या सपाट रंगांवर आजच्यासारखा काचेसारखा क्लिअर नसे. क्लिअर मारल्याने रंग खोल आणि थोडा गडद भासतो, आणि बरोबर जुळवलेली छटाही परकी वाटू लागते. आकाशी, क्रीम, हिरवट राखाडी अशा सपाट रंगांसाठी क्लिअर न मारता एकाच थरात चमक देणारा पीयू घ्यावा असे मी आग्रहाने सुचवेन. तो एनसीपेक्षा ऊन-पेट्रोल चांगले सोसतो आणि जुन्या गाडीला शोभतोही. चाकांच्या रिम आणि हबचा चंदेरी रंग क्रोमसारखा न करता साधा, मंद ठेवावा.

मेटॅलिक रंग आणि एका भागाचे काम

पुढच्या काळातल्या, उदाहरणार्थ नव्वदच्या दशकातल्या मारुती ८०० सारख्या मेटॅलिक रंगाच्या गाड्यांमध्ये सूत्र बरोबर असूनही छटा चुकू शकते, कारण ती पेंटरच्या हातावरही अवलंबून असते. रंग ओला आणि जाड बसला की ॲल्युमिनियमचे कण खाली जातात आणि रंग गडद दिसतो. हवेचा दाब वाढवून किंवा बंदूक लांब धरून कोरडा मारला की तोच रंग उजळतो. म्हणून चाचणीचा तुकडा गाडी रंगवणाऱ्यानेच मारलेला असावा आणि तो दरवाजाप्रमाणे उभा धरून समोरून व बाजूने, दोन्हीकडून पाहावा. समोरून जुळून बाजूने काळपट दिसत असेल तर सूत्रातच बदल हवा. एकच दरवाजा रंगवताना बेस कोट शेजारच्या पॅनेलवर हलका विरवत न्यावा आणि क्लिअर मात्र त्या संपूर्ण पॅनेलवर मारावा. कडेला थांबवलेला रंग पहिल्याच उन्हात ओळखू येतो.

कागदपत्रे

आरसीवर नोंदलेला रंग आणि गाडीचा प्रत्यक्ष रंग यांत तफावत नसावी. मूळ शोधताना निघालेला रंग आरसीतल्या नोंदीपेक्षा वेगळा असेल, किंवा आवडीने दुसराच रंग निवडला असेल, तर डबा विकत घेण्याआधीच आरटीओत चौकशी करून नोंद बदलण्याची तजवीज करावी. पंधरा वर्षांनंतरच्या रिपासिंगच्या तोंडावर गाडी रंगवून आणणाऱ्यांनी तर हे आधी पाहावे, कारण तपासणीच्या वेळी रंगाच्या नोंदीवरून हरकत निघू शकते. जीपच्या मालकांनी लक्षात ठेवावे की केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. लष्करातून लिलावात आलेल्या जीपचा मूळ रंग तोच असला तरी खासगी मालकाला तो ठेवता येत नाही. २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकींना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. पहिल्या वर्षीच्या चेतकने २०२२ मध्ये ती मर्यादा गाठली आहे. त्या वाटेने जाणाऱ्यांना मूळ छटेचा पुरावा जपून ठेवणे फायद्याचेच ठरेल. खिडकी उघडून थर दाखवणारा एक फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून, रंगकाम सुरू होण्यापूर्वी अवश्य काढावा.

रंग घेताना आणि घेतल्यानंतर

छटा पक्की झाल्यावर पूर्ण गाडीचा रंग एकाच वेळी, एकाच मिश्रणाचा घ्यावा. स्कूटरला आतून-बाहेरून साधारण एक ते दीड लिटर रंग लागतो. कमी पडला म्हणून पंधरा दिवसांनी आणलेला अर्धा लिटर त्याच सूत्राचा असूनही किंचित वेगळा निघू शकतो. दोन डबे असतील तर ते मोठ्या भांड्यात एकत्र ओतून ढवळून घ्यावेत आणि मग पुन्हा भरावेत. मिक्सिंगवाल्याकडून सूत्राची चिठ्ठी मागून घ्यावी आणि तीत रंगाची कंपनी, मालिका व प्रत्येक टिंटरचे (मिश्रणात घातलेल्या घटक रंगाचे) ग्रॅममधले वजन असल्याची खात्री करावी, कारण एका कंपनीचे सूत्र दुसऱ्या कंपनीच्या टिंटरवर चालत नाही. हार्डनर न घातलेला दीडशे-दोनशे मिलिलिटर रंग लहान डब्यात काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, उन्हापासून दूर ठेवावा. डब्यात हवा जितकी कमी तितका तो अधिक टिकतो. मंजूर झालेला चाचणीचा पत्रा मागच्या बाजूला तारीख, कोटांची संख्या आणि प्रायमरचा रंग लिहून त्याच चिठ्ठीसोबत ठेवावा, म्हणजे पुढे ओरखडा भरताना किंवा एखादे पॅनेल बदलताना मिक्सिंगवाल्याला दाखवायला तो हाताशी राहील. नव्या रंगावर पहिला महिनाभर मेण लावू नये, कारण आतले थिनर पूर्ण उडायला तेवढा वेळ लागतो.